वाचक विचारतात : ‘मी’ने सांगितलेली गोष्ट

प्रश्न : अभिजात कादंबऱ्यांतील काही प्रथमपुरुषी निवेदक कायमचे लक्षात राहतात, तर काही केवळ निरोप्याचे काम करतात. चांगला निवेदक विश्वासार्ह आणि सज्जन असावा लागतो का?

उत्तर : सज्जनपणाची अट घातली, तर निम्मे उत्तम निवेदक बाद होतील. माझ्या मते खरी कसोटी आहे ती भोगणारा ‘मी’ आणि सांगणारा ‘मी’ यांच्यातील अंतराची. डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मध्ये (१८६०-६१) निवेदक पिपला लहानपणी जीव लावणारा लोहार ज्यो लंडनला त्याच्या बिऱ्हाडी येतो, तेव्हा नव्यानेच ‘साहेब’ झालेल्या पिपला त्याची लाज वाटते. पैसे देऊन हे येणे टाळता आले असते तर आपण ते दिले असते, असे तो सांगून टाकतो. बिचारा ज्यो आपली टोपी शेकोटीवरच्या फळीच्या कोपऱ्यावर ठेवतो, ती पुनःपुन्हा खाली पडते आणि तरुण पिप मनातून चिडत राहतो. प्रौढ पिप मात्र त्याच प्रसंगात सांगतो, की मी मोकळेपणाने वागलो असतो तर ज्योही मोकळा झाला असता. लाज तेव्हाची आणि समज नंतरची, दोन्ही एकाच परिच्छेदात नांदतात. त्यासाठी डिकन्सला वेगळे प्रवचन द्यावे लागत नाही.

विश्वासार्हतेचे म्हणाल, तर एमिली ब्रॉंटेच्या ‘वुदरिंग हाइट्स’मधील (१८४७) निवेदक, घरची नोकर नेली डीन पाहावी. हीथक्लिफशी लग्न केल्यास आपला दर्जा उतरेल, असे कॅथरीन नेलीजवळ बोलून जाते आणि बाकावर बसलेला हीथक्लिफ तेवढेच ऐकून निघून जातो; तिचे त्याच्यावरील प्रेमाचे बोल पुढे येतात, ते त्याच्या कानी पडतच नाहीत. त्याला जाताना नेलीने पाहिलेले असते, पण त्या क्षणी ती कॅथरीनला काही सांगत नाही. ती खोटे बोलते असे नव्हे. गप्प बसण्यातला आपला वाटा मात्र ती फारसा मनावर घेत नाही, आणि तो मोजण्याचे काम आपल्यावर येते.

निरोप्या वाटणाऱ्या निवेदकाला बहुधा अशी काही जोखीमच नसते. ज्या घटनेने त्याचे काहीच बिघडत नाही, ती त्याच्याच तोंडून का ऐकावी, हा प्रश्न मग उरतो. आणि दर दुसऱ्या प्रकरणात त्याला दाराआड उभे करून संभाषणे ऐकवावी लागत असतील, तर लेखकाने तृतीयपुरुषी निवेदनच पत्करलेले बरे.