कॅनडातल्या मॅनिटुलिन बेटावर पहिल्यांदाच जाताय?
मग डोळे झाकून ‘कप अँड सॉसर’ ही कड्यावरची पायवाट धरा. बेट ह्यूरॉन सरोवरात, आणि कड्यावरून खाली दिसतं ते बेटावरचंच लेक मॅनिटू! कडे साधारण ७० मीटर उंच, बहुतेक ठिकाणी कठडा नाही. कडेच्या चुनखडीत अरुंद भेगा असतात, त्यावर पाचोळा साचतो. पाय आत गेल्यावरच कळतं. म्हणून फोटोसाठी मागे-मागे सरकणं बंद. शिड्यांची अ‍ॅडव्हेंचर ट्रेल पाऊस पडून गेल्यावर नकोच, ओल्या दगडावर पाय ठरत नाही. घोटा झाकणारे बूट, दोन लिटर पाणी. जूनमध्ये डास जीव नकोसा करतात (मला सप्टेंबरअखेरच आवडतो). मुख्य भूमीवरच्या टोबरमोरी गावाहून फेरीबोटीने येणार असाल तर गाडीची जागा आधीच बुक करा. हिवाळ्यात ही फेरीबोट बंद असते.