लाइफ जॅकेट विमानाच्या आत का फुगवायचं नाही?

तुम्ही विचारलंय, विमान पाण्यात उतरणार हे कळल्यावर जॅकेट आधीच फुगवून ठेवलं तर काय बिघडतं? शंका रास्त आहे. मी नऊ वर्षं केबिन क्रूमध्ये होते. उड्डाणाआधी आम्ही जो सुरक्षेचा डेमो दाखवायचो, त्यातलं 'जॅकेट आत फुगवू नका' हे वाक्य लोकांनी कान देऊन ऐकावं असं मला फार वाटायचं.

पाण्यावर आदळलेल्या विमानात पाणी भराभर चढतं. फुगलेलं जॅकेट तुम्हाला त्या पाण्याबरोबर थेट छताला नेऊन टेकवतं, आणि दार राहतं खाली, पाण्यात. बाहेर पडायचं तर बुडी मारावी लागणार, पण अंगातलं जॅकेट ती मारूच देत नाही.

23 नोव्हेंबर 1996 ला हेच घडलं. इथिओपियन एअरलाइन्सचं बोइंग 767 मुंबईहून अदिस अबाबाला आलं होतं, तिथून नैरोबीला निघालं आणि वाटेत त्याचं अपहरण झालं. इंधन संपलं आणि विमान कोमोरोस बेटांजवळ समुद्रात कोसळलं. 175 पैकी 125 माणसं गेली. त्यातली कितीतरी आदळण्यातून वाचली होती, पण जॅकेट आधीच फुगवल्यामुळे आतच अडकली. म्हणून जॅकेट आत फक्त अंगात घालायचं, पट्टा आवळायचा. लाल टॅब ओढायचे ते दारातून बाहेर पडताना. नाहीच फुगलं, तर खांद्याजवळच्या नळीत फुंकायचं.

सीटच्या पट्ट्याचं बक्कल उघडून दाखवतात, तेही बघत जा. एकदा विमान उभं राहिल्यावर पहिल्यांदाच प्रवास करणारे एक आजोबा दोन्ही अंगठ्यांनी बक्कल दाबत बसले होते. "ताई, हे उघडंना गं." मी त्यांचं बोट झाकणाच्या पट्टीखाली घातलं आणि वर उचललं. गाडीतल्या पट्ट्याला बटण असतं, घाबरलेला हात तेच शोधतो. आजोबांना वेळ होता, धुरात तो नसतो.

आणि बॅग घेऊ नका, कितीही महत्त्वाची असो. 2 जानेवारी 2024 ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान पेटलं. आठपैकी तीनच दारं वापरता आली, तरी आतले सगळे 379 जण जिवंत बाहेर आले. लोकांनी सामान तिथंच सोडलं होतं, हे त्यामागचं मोठं कारण.

बसल्याबसल्या पुढच्या आणि मागच्या दारापर्यंतच्या रांगा मोजून ठेवा. धुरात डोळ्यांना काही दिसत नाही, पण सीटच्या पाठी हाताला लागतात. नोकरी सोडली, तरी मी अजून मोजते.