मिस्टरांचे साठ लाख

ताई,

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली. मिस्टर वेर्ण्याला औषधांच्या कंपनीत आहेत, हातात 41 हजार येतात. मी एका दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात बसते, मला 14 हजार मिळतात. घर सासऱ्यांचं, त्यामुळे भाडं नाही. मुलगा आठवीत, मुलगी तिसरीत. छप्पर नवं घातलं, त्याच्या कर्जाचा हप्ता 9,200 आहे आणि अजून 14 महिने राहिलेत. आमच्यात उपाशी कोणी नाही, पण महिन्याची 22 तारीख उलटली की माझ्या पोटात गोळा येतो.

नणंद पर्वरीला फ्लॅटमध्ये राहते. चवथीला, म्हणजे गणपतीला, ती सगळी आली होती. तिच्या मुलाच्या हातातला मोबाइल बघून माझ्या मुलाने रात्री विचारलं, "आई, आम्ही गरीब काय?" मला उत्तर सुचलं नाही.

आता मिस्टरांना मस्कतची नोकरी चालून आलीय. पगार एक लाख दहा हजार सांगतात, एजंट दीड लाख मागतो. मिस्टरांनी कुठेतरी वाचलं की वर्षाला 75 हजार डॉलर मिळाले की माणूस सुखी होतो. त्याचे आपले साठ लाखांच्या वर होतात. ते म्हणतात, तिथे आपण जन्मात पोचणार नाही, निदान चार पावलं तरी पुढे सरकू. ताई, सुखाने राहायला नक्की किती लागतात? एकदा आकडा सांगा.

— एक वाचक, डिचोली

*

बाय,

आकडा सांगते. पण आधी मिस्टरांच्या साठ लाखांचा निकाल लावू, कारण ते डोक्यात बसलेत तोवर माझा आकडा तुम्हा दोघांना भिकार वाटणार.

ते संशोधन खरं आहे. 2010 साली डॅनियल कानेमन आणि अँगस डीटन या दोघांनी ते केलं. दोघेही अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले. पण ते 75 हजार डॉलर अमेरिकेतल्या अख्ख्या घराचे होते, एकट्या माणसाचे नव्हेत. तिथलं घरभाडं आणि तिथली डॉक्टरची फी गृहीत धरून आलेला तो आकडा. त्याला बँकेच्या दराने गुणून डिचोलीत आणता येत नाही. एका डॉलरला तिथे जे मिळतं ते आपल्याकडे साधारण वीस-बावीस रुपयांत मिळतं, असं जागतिक बँकेचे क्रयशक्तीचे हिशेब सांगतात. म्हणजे साठ लाखांचे एका फटक्यात पंधरा-सोळा झाले. तेही तुमच्यासाठी नाहीतच, पण मिस्टरांना तेवढा तरी दिलासा.

पुढची गोष्ट मात्र त्यांना जरूर वाचून दाखव. त्या दोघांनी ज्या पाहणीची उत्तरं तपासली, तिच्यात लोकांना वेगवेगळे प्रश्न विचारले होते. काल तुम्ही हसलात का, काळजीत होतात का, हा एक. आणि एकूण आयुष्याला किती गुण द्याल, हा दुसरा. पंचाहत्तर हजारांनंतर थांबलं ते कालचं हसू. आयुष्याचे गुण त्याच्या वरही पगाराबरोबर चढत राहिले. 2021 मध्ये मॅथ्यू किलिंग्सवर्थ नावाच्या संशोधकाने लोकांच्या मोबाइलवर दिवसातून मधूनमधून प्रश्न पाठवून पाहिलं, तर हसूही कुठे थांबत नाही असं निघालं. मग भांडत न बसता तो आणि कानेमन एकत्र बसले, आणि 2023 मध्ये निष्कर्ष आला की बहुतेकांचं सुख पैशाबरोबर वाढतच जातं. जे मुळातच फार दुःखी आहेत, त्यांचं तेवढं एक लाख डॉलरच्या आसपास थांबतं, कारण त्यांचं दुखणं पगाराने बरं होणारं नसतं.

तेव्हा पैशाने सुख मिळत नाही, असलं काही मी तुला सांगणार नाही. मिळतं. सुशेगाद, म्हणजे निवांत, गोंयकाराला पैशाचं काय, ही जाहिरात पर्यटकांसाठी ठीक आहे. ज्याला 22 तारखेला गॅस सिलिंडर संपल्यावर धडकी भरते, त्याने ती ऐकू नये.

फक्त किती मिळतं तेही ऐक. त्याच 2023 च्या अभ्यासात एक तुलना आहे, ती मला फार आवडते. एका घराचं उत्पन्न दुसऱ्याच्या चौपट असेल, तर रोजच्या मनःस्थितीत जो फरक पडतो तो साधारण शनिवार-रविवारच्या सुट्टीने पडतो तेवढा. आणि डोकेदुखीने जेवढा पडतो त्याच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी. मस्कतचा पगार मिस्टरांच्या आताच्या पगाराच्या चौपट नाही, तिपटीलाही थोडा कमी पडतो. आणि त्यात शनिवार-रविवार घरी नाहीत.

आता तुझा हिशेब. तू पत्रात मिळकत लिहिलीस, हप्ता लिहिलास, पण चवथीला किती गेले ते लिहिलं नाहीस. तिथेच मेख आहे. माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचं सामान, नेवऱ्यांचा मैदा-तूप, भटजींची दक्षिणा, मुलांचे कपडे, फटाके आणि घरी आलेल्यांची दोन-तीन दिवसांची जेवणं, हे सगळं एका महिन्याच्या पगारातून जातं. जूनमध्ये वह्या, बूट, रेनकोट. गावच्या जत्रेला पाहुणे. मधेच गाडीचा विमा. शिवाय 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद, तेव्हा बांगड्याला हात लावायची सोय राहत नाही आणि खाऱ्या बांगड्यांचे आणि सुक्या सुंगटांचे पैसे मे महिन्यातच मोजून ठेवावे लागतात. तुझ्यासारख्या घरात हे वर्षाचे खर्च साठ-सत्तर हजारांच्या घरात जातात, असा माझा अंदाज. महिन्याला पाच-सहा हजार झाले. ते तू महिन्याच्या हिशेबात धरतच नाहीस, मग ते 22 तारखेला पोटात गोळा होऊन येतात.

पंचावन्न हजारांतून हप्ता गेला की तुझ्या हातात 45,800 राहतात. तुझं घर, वर्षाचे खर्च बारा महिन्यांत वाटून, हप्ता सोडून, 51-52 हजारांत नीट चालेल. हा माझा आकडा. पर्वरीला फ्लॅटचा हप्ता भरणाऱ्या घराला मी याच्या जवळजवळ दुप्पट सांगितला असता, पण तुझ्या डोक्यावर सासऱ्यांचं छप्पर आहे आणि ते नवंही आहे.

म्हणजे तुझी तूट सहा हजारांची आहे. तुम्ही दोघं ती साठ लाखांची समजून बसलात. आणि 14 महिन्यांनी हप्ता संपला की पगार एक पैशाने वाढला नाही तरी ही तूट भरून वर तीनेक हजार उरतात.

या 14 महिन्यांचं काय? दवाखान्यात तू किती वर्षं आहेस ते लिहिलं नाहीस, पण 14 हजारांत फोन घेणं, पेशंट लावणं, अवजारं उकळणं हे सगळं तूच करत असशील, तर डॉक्टरांशी पगाराचं बोलायची वेळ झालीय. लाजू नकोस. तुला सोडून नवी मुलगी शिकवायची म्हणजे काय ताप असतो ते त्यांना पक्कं ठाऊक आहे. तीन हजार वाढले तर अर्धी तूट तिथेच भरली. उरलेली पुढच्या चवथीत काढ. माटोळीला कात्री लावू नकोस, फटाक्यांना लाव.

गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड कपाटात कुठे आहे ते आजच बघ. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त असतील तर चार लाखांपर्यंतचे उपचार त्यावर होतात. मुदत संपली असेल तर नूतनीकरण करून घे, आणि सासऱ्यांचं नाव कुठल्या कार्डावर आहे तेही तपास. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, नेल्यावर शोधाशोध करण्यात अर्थ नाही. घरात आजारपण आलं की काय, ही जी रात्रीची भीती असते, तिच्यावर पगारवाढीपेक्षा हे कार्ड आणि बँकेत ठेवलेले तीन-चार महिन्यांचे पैसे जास्त उपयोगी पडतात. ते पैसे आज नाहीत, मान्य. हप्ता संपल्यावर जे तीनेक हजार उरतील, त्यातली निम्मी रक्कम तरी पहिलं वर्षभर आरडीत टाक.

नणंदेचं सांगायचं राहिलं. नॉर्वेमध्ये कोणाची कमाई किती हे सरकारी नोंदीत कोणालाही बघता यायचं, पण त्यासाठी कचेरीत खेटे घालावे लागत. 2001 मध्ये ते इंटरनेटवर आलं, आणि लोक रात्री जेवून शेजाऱ्याची, मेव्हण्याची कमाई शोधू लागले. त्यानंतर तिथल्या श्रीमंत आणि गरिबांच्या सुखातलं अंतर वाढलं, असं एका अर्थतज्ज्ञाने दाखवून दिलं. कोणाचाही पगार बदलला नव्हता. पुढे 2014 मध्ये नियम झाला की तुमची माहिती कोणी उघडली हे तुम्हाला कळणार, आणि लोकांचं डोकावणं एकदम ओसरलं. तुला तर नणंदेची कमाईसुद्धा दिसत नाही. दिसतो तो भाच्याच्या हातातला मोबाइल. फ्लॅटचा हप्ता किती, गाडीचा किती, तो मोबाइल रोख घेतला की तोही हप्त्यावर, हे चवथीच्या आरतीत कोणी सांगत नसतं. तिला खरंच सुख असेलही. मला फक्त एवढंच म्हणायचं आहे की तुझ्याजवळ तिचा जमाखर्च नाही आणि तू तुलना करतेस.

मुलाला उत्तर दे. "नाही रे, गरीब नाही" एवढ्यावर भागवू नकोस, आठवीतला मुलगा आहे. कर्जाचा कागद काढ, किती हप्ते भरले आणि किती राहिले ते त्याला मोजायला लाव, आणि छप्पर दाखव. मोबाइल नाही याचं कारण त्याला आकड्यांत समजलं की तो ते शाळेतही सांगू शकेल.

राहता राहिलं मस्कत. मला विचारशील तर आता नको. एक लाख दहा हजारांत राहायला-खायला कंपनी देते का, विमानाचं तिकीट कोणाचं, हे तू लिहिलं नाहीस. मिस्टरांनी तरी विचारलंय का? स्वतःचं करून खायचं झालं तर तीसेक हजार तिथेच गेले असं धर, घरी आले 80. आताच्या 41 हजारांपेक्षा 39 हजार जास्त. एजंटचे दीड लाख फिटायला चार महिने. मोबदल्यात मुलाची नववी-दहावी बापाविना, आणि सासऱ्यांना रात्री-अपरात्री घेऊन जायचं झालं तर तू एकटी. आपल्याकडे तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे, आणि आखातवाले घरोघरी आहेत. एखादी तारवट्याची बायको गाठून तिची पहिली दोन वर्षं कशी गेली ते विचार. माझ्यापेक्षा ती नेमकं सांगेल.

पण मिस्टरांची बाजूही मला दिसते. डिचोलीहून वेर्णा म्हणजे सकाळी अंधारात कंपनीची बस आणि संध्याकाळी परत तेवढाच प्रवास. याच कानेमनने 2004 साली टेक्सासमधल्या 909 नोकरदार बायकांना आदल्या दिवसातल्या एकेका कामाबद्दल विचारलं होतं, आणि सगळ्यात नकोसा निघाला तो सकाळचा कामावर जायचा प्रवास. मिस्टर कंटाळलेत ते पगाराला की बसला, हे एकदा विचार. थिवी, पिळर्ण, होंडा, पिसुर्ले इथे वसाहती आहेत. तेवढ्याच पगाराची जवळची नोकरी मिळाली तर रोजचे दीड-दोन तास घरी येतील.

एवढं बोलूनही त्यांना जायचंच असेल, कामाची हौस म्हणून किंवा जग बघायचं म्हणून, तर अडवू नकोस. पण मुदत ठरवून जाऊ दे आणि ती मुदत सासऱ्यांसमोर बोलू दे. आणि दीड लाख मोजू नका. परदेशी नोकरी लावणारा एजंट सरकारकडे नोंदणी केलेला असावा लागतो आणि त्याला सेवाशुल्क जास्तीत जास्त 30 हजार आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर त्याचं नाव आहे का ते बघा. नाव असेल तर बाकीचे लाखाच्या वरचे पैसे कशाचे ते लेखी मागा आणि पावतीशिवाय एक रुपया देऊ नका.

तुझी,
ताई