डमी नसली तरी चालेल, पेशंट ‘हो हो’ म्हणणारा हवा

ताई, तुमच्या कॉलेजात सिम्युलेशन लॅब (खोटा वॉर्ड मांडून सराव करायची खोली) नाही, डमी म्हणजे सरावाचा पुतळा एकच आहे, मग डिस्चार्जच्या वेळी पेशंटला समजावून सांगायचा सराव जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) मुलींकडून कसा करून घ्यायचा, असं तुम्ही विचारलंय. या सरावाला डमी लागतच नाही, बोलणारं माणूस लागतं. हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ साली अमेरिकेत वैद्यकीच्या विद्यार्थ्यांपुढे शिकवून तयार केलेला पेशंट बसवला, तोही हाडामांसाचाच होता.

मी इन्सुलिनचा प्रसंग घेते. पेशंट होतात आमच्या वॉर्डातल्या मावशी. त्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवते: घरी फ्रिज नाही, सिरिंजवरच्या बारीक रेघा दिसत नाहीत, एकादशीचा कडक उपास असतो, इंजेक्शन सून देणार. पण हे विचारलं तरच सांगायचं. एरवी मान डोलवायची आणि ‘हो हो, कळलं’ म्हणायचं. आपले पेशंट हेच करतात.

एका मुलीने तक्ता धरून सुरेख माहिती दिली. ‘समजलं ना मावशी?’ ‘हो सिस्टर.’ मी म्हटलं, आता त्यांच्याकडून २० युनिटची सिरिंज भरून घे. बाटलीत सलाइन होतं, लेबल ४० चं, म्हणजे एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट. ट्रेमध्ये मी मुद्दाम दोन सिरिंज ठेवल्या होत्या, लाल टोपणाची ४० च्या इन्सुलिनसाठीची आणि केशरी टोपणाची १०० च्या इन्सुलिनसाठीची. मावशींनी केशरी उचलली आणि २० च्या रेघेपर्यंत ओढलं. म्हणजे खरं इन्सुलिन असतं तर २० युनिटऐवजी ८ च गेलं असतं. मुलीचा चेहरा उतरला. बाटलीवरचा आकडा सिरिंजशी जुळवायचा, हे तिने सांगितलंच नव्हतं. उलटी चूक तर जिवावर बेतते: १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये भरलं की २० च्या जागी ५० जातं.

तेव्हापासून ‘समजलं का?’ हा प्रश्न माझ्या वर्गात बंद आहे. ‘मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी सुनेला कसं दाखवाल, ते करून दाखवा,’ असं विचारायचं. मग पेशंटला परीक्षा दिल्यासारखं वाटत नाही.

उपासाचं मात्र बहुतेकींना विचारायला सुचत नाही. तिथे जरा थांबा. त्या दिवशी डोसचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारून ठेवणं, रक्तातली साखर उतरून घाम आणि थरथर सुटली की तीन छोटे चमचे साखर पाण्यातून घेणं, हे मुलींच्या तोंडून आलंच पाहिजे.

प्रसंग १० मिनिटांचा, नंतरची चर्चा निदान २० मिनिटं. आधी मुलगी बोलेल, मग मावशी, तुम्ही शेवटी. एकदा मावशी म्हणाल्या, “बाई, तू सगळा वेळ त्या तक्त्याकडंच बघत होतीस.” पुढच्या खेपेला त्या मुलीने तक्ता बाजूला ठेवला आणि स्टूल ओढून मावशींसमोर बसली.

आणि मावशींना त्या वेळेची ड्यूटी लावून घ्या. त्यांची सुट्टी यात खर्ची घालू नका.