रिकॉलचं, म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने गाडी परत बोलावल्याचं, पत्र आलंय, पण ट्रक लोडवर आहे. फेरी करून मग दाखवू का?

नको. आधी दाखवा. पत्रात ब्रेक चेंबरच्या डायफ्रामचा दोष लिहिलाय म्हणता. चेंबर म्हणजे हवेच्या दाबाने चाकाचा ब्रेक लावणारा डबा, डायफ्राम म्हणजे त्यातला रबरी पडदा. तो पडदा फाटला की पेडल दाबल्यावर हवा तिथूनच निसटते आणि त्या चाकाला ब्रेक लागत नाही. सपाटीवर कळतही नाही. खंबाटकीसारख्या उतारावर पेडल वारंवार दाबावं लागतं, टाकीतली हवा झपाट्याने उतरते आणि मागच्या चाकांचे स्प्रिंग ब्रेक आपोआप आवळतात. भरलेली गाडी उतारावर अशी आवळली तर काय होतं, हे तुमच्या ड्रायव्हरलाच विचारा.

आजच एक करा: हवेची टाकी भरली की इंजिन बंद करा, चाकांना लाकडी ठोकळे लावा, हँडब्रेक सोडा. एकाला पेडल दाबून धरायला सांगा, तुम्ही चाकांजवळ कान द्या. फुस्स आवाज आला किंवा हवेच्या दाबाचा काटा भराभर खाली आला, तर गाडी हलवू नका, मेकॅनिक जागेवर बोलवा. आवाज नाही आला तरी सुटलो असं समजू नका.

खर्च कंपनीचा. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 110-अ आलं, सक्तीच्या रिकॉलचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू आहेत. चेसिस नंबर देऊन डीलरकडून खात्री करा आणि काम झाल्याचं लेखी घ्या.