निर्वासित होऊन गेलेल्या स्त्रीला नव्या देशात आपल्याच पेशातले काम मिळते का?

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास युरोप सोडावा लागलेल्या स्त्रियांपैकी कोणाला परक्या देशात स्वतःचा पेशा पुढे चालवता आला का, की सगळ्यांनाच मिळेल ते काम पत्करावे लागले, असे आपण विचारले आहे. मी स्वतः चिनी मातीच्या भांड्यांच्या आरेखनाचे काम करते, त्यामुळे हा प्रश्न वाचताच मला बुडापेस्टमध्ये १९०६ साली जन्मलेल्या, याच पेशातल्या एव्हा झायझेल आठवल्या.

त्यांच्यावर परागंदा होण्याची वेळ एकदाच आली नाही. हंगेरीत कुंभारकाम शिकून आणि जर्मनीतील कारखान्यांत नोकरी करून त्या १९३२ मध्ये सोव्हिएत संघात गेल्या. तिशीही न गाठता तेथे त्या रशियन प्रजासत्ताकाच्या चिनी माती व काच उद्योगाच्या कला-संचालक झाल्या. १९३६ मध्ये स्टालिनच्या हत्येच्या कटात सामील असल्याचा खोटा आरोप ठेवून त्यांना अटक झाली. सोळा महिन्यांच्या कैदेतला बहुतेक काळ त्यांनी एकांतकोठडीत काढला आणि सुटका होताच त्यांची रवानगी ऑस्ट्रियाला झाली. पुढच्याच वर्षी, मार्च १९३८ मध्ये, हिटलरचे सैन्य तेथे शिरल्यावर ज्यू कुटुंबातल्या या बाईंना पुन्हा पळावे लागले. इंग्लंडमध्ये हान्स झायझेल यांच्याशी विवाह करून त्याच वर्षाच्या उत्तरार्धात त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या, तेव्हा दोघांजवळ मिळून शंभर डॉलरही नव्हते.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हाताने घडवलेल्या भांड्यांची विक्री करणाऱ्या कलावंत म्हणून त्या उभ्या राहिल्या असत्या, तर कदाचित पोट भरले असते, पण पेशा टिकला नसता, असे माझे मत आहे. त्यांनी थेट चिनी मातीच्या व्यापाराचे नियतकालिक शोधून काढले, त्याच्या कचेरीत जाऊन कामाची चौकशी केली आणि लहानग्या चहाच्या सेटांचे नमुने करण्याचे काम मिळवले. १९३९ मध्ये ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये त्या चिनी मातीचे काम शिकवू लागल्या, आणि तेही हस्तकला म्हणून नव्हे, तर कारखान्यात हजारोंच्या संख्येने निघणाऱ्या मालाचे आरेखन म्हणून. अमेरिकेत हा विषय अशा रीतीने शिकवण्याची पद्धत तोवर जवळजवळ नव्हतीच. कागदावर सुंदर दिसणारा वळणदार आकार प्लास्टरच्या साच्यातून अडकल्याशिवाय निघेल का, घोळ (पाण्यात कालवलेली पातळ माती) ओतल्यावर कोपऱ्यात माती दाट बसेल का, भट्टीत आकसताना कपाचा कान ओढला जाऊन काठ वाकडा होईल का, हे सगळे ज्याला आधी दिसते त्यालाच कारखाना आपला मानतो. आणि एव्हा यांना ते हंगेरी, जर्मनी व रशिया अशा तिन्ही ठिकाणी काम करून ठाऊक झाले होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थ्यांनी केलेला स्ट्रॅटोवेअर हा सेट सिअर्स या मोठ्या विक्रेत्या कंपनीने बाजारात आणला.

पुढे न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या शिफारशीवरून कॅसलटन या चिनी मातीच्या भांड्यांच्या कंपनीने त्यांच्याकडे पूर्ण जेवणाचा सेट सोपवला. आरेखन युद्धकाळातच झाले, पण ते लोकांसमोर आले १९४६ मध्ये, संग्रहालयातील त्यांच्या स्वतंत्र प्रदर्शनात. भांडी पातळ, पांढरी आणि पूर्ण कोरी होती. कोऱ्या भांड्याचे धाडस बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही: फुलापानांची नक्षी असली की तिच्याखाली लहानसा काळा ठिपका किंवा झिलईतले सुईएवढे छिद्र झाकता येते, कोऱ्या भांड्यात मात्र काहीच लपत नाही. (नंतर खप वाढावा म्हणून त्याच आकारांवर नक्षी चढलीच. आमच्या धंद्यात संग्रहालयापेक्षा गिऱ्हाईक मोठे.)

याच सुमारास मिनेसोटातील रेड विंग कारखान्यासाठी केलेला ‘टाउन अँड कंट्री’ सेट मला त्याहून अधिक आवडतो. त्यातल्या मिठाच्या आणि मिऱ्याच्या डब्या एकसारख्या नाहीत. एक मोठी, एक लहान, दोघींच्या माना किंचित झुकलेल्या, आणि जवळ ठेवल्या की लहान डबी मोठीच्या कुशीत नेमकी बसते, जणू मायलेकीच. एव्हा स्वतः त्या काळात लहान मुलांची आई होत्या. ओहायोतील हॉल कंपनीसाठी केलेला ‘टुमारोज क्लासिक’ हा सेट १९५०च्या दशकात घरोघरी पोहोचला आणि भरपूर खपला.

तरीही हे उदाहरण सर्वसाधारण मानू नये. त्यांची आई इतिहासाची विदुषी होती, कार्ल आणि मायकेल पोलान्यी हे नामवंत विचारवंत त्यांचे मामा, आणि पती पुढे शिकागो विद्यापीठात प्राध्यापक झाले. हातात पैसा नसला तरी भाषा, शिक्षण आणि ओळखी होत्या, आणि बहुतेक निर्वासित स्त्रियांकडे नेमके हेच नसते.

शिवाय पेशा मिळाला तो कायमचा मिळाला, असेही झाले नाही. परदेशी स्वस्त मालापुढे अमेरिकेतील भांड्यांचे कारखाने मागे पडू लागले, तशा १९६०च्या दशकात एव्हा या कामातून बाहेर पडल्या आणि जवळजवळ वीस वर्षे इतिहासलेखनाकडे वळल्या. १९८०च्या दशकात एका अमेरिकी शिष्यवृत्तीवर त्या हंगेरीला गेल्या, पेच शहरातील जोलनाय कारखान्यात त्यांनी पुन्हा आरेखन केले, आणि तेव्हापासून २०११ मध्ये १०५व्या वर्षी मृत्यू येईपर्यंत काम थांबले नाही. हॉलसाठी केलेले त्यांचे जुने आकार २००५ च्या सुमारास क्रेट अँड बॅरल या अमेरिकी दुकानांतून पुन्हा विक्रीस आले. मात्र ती भांडी तयार होत होती इंग्लंडमधील रॉयल स्टॅफर्डच्या कारखान्यात.