तरुण की-फॉरवर्ड सतत अपयशी ठरत असेल तर चाहत्यांनी टीका करायची नाही का?

तुमचं म्हणणं असं की तुमच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉल क्लबचा वीस वर्षांचा की-फॉरवर्ड (गोलसमोर खेळणारा उंच, मुख्य आक्रमक) सामन्यामागून सामने एखाददुसऱ्या गोलवर भागवतोय, पगार मात्र तगडा घेतोय, मग मेंबरशिपचे पैसे भरणाऱ्यांनी तोंड बंद ठेवायचं का? बोला की, कोण अडवतंय. पण ‘एवढा पगार घेतो’ हे वाचलं आणि माझं डोकं सटकलं, म्हणून लिहायला बसलो.

मी मेलबर्नच्या पश्चिमेला राहतो आणि वेस्टर्न बुलडॉग्ज क्लबचा चाहता आहे. फूटीचे, म्हणजे या ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे, नियम कळायच्या आधी माझा क्लब ठरला, कारण कामावरचे निम्मे लोक फुट्सक्रेचे, म्हणजे क्लबच्याच उपनगरातले. १९५४ नंतर फ्लॅग (अजिंक्यपद) नाही, १९८९ मध्ये क्लब फिट्झरॉय या दुसऱ्या क्लबमध्ये विलीन करायला निघाले होते तेव्हा लोकांनी डबे खुळखुळवत पैसे जमवून तो वाचवला, हे सगळं मला नोकरीला लागल्या लागल्या ऐकवण्यात आलं. माझे थोरले साडू माझ्या आधी इथे आलेले, पॉइंट कुकला घर, तेही बुलडॉग्जचेच. त्यामुळे आमची भांडणं कोलिंगवूडवाल्यांशी कमी आणि आपापसात जास्त. त्यातलं सगळ्यात जुनं भांडण टॉम बॉयडचं.

२०१४ च्या ऑक्टोबरात आमचा कर्णधार रायन ग्रिफन उठला आणि मला जीडब्ल्यूएसला (सिडनीच्या एका क्लबला) जायचंय म्हणाला. पाठोपाठ कोच गेला. क्लबची अब्रू गेल्यात जमा. अशा वेळी क्लबने ग्रिफन आणि सहा नंबरचा ड्राफ्ट पिक (दरवर्षी नवे खेळाडू निवडतात त्यातला सहावा हक्क) देऊन त्याच जीडब्ल्यूएसकडून बॉयडला आणलं. वय १९, उंची दोन मीटर, २०१३ च्या ड्राफ्टमधला पहिला पिक, आणि एएफएलचे (वरिष्ठ लीगचे) एकूण सामने नऊ. करार सात वर्षांचा, साधारण सत्तर लाख डॉलरचा, असं सगळ्या पेपरांनी छापलं. आता सांगा, हा आकडा बॉयडने ठरवला का? रिकाम्या झालेल्या घराला नवीन झुंबर लावून लोकांचं लक्ष वळवायचं होतं, ते क्लबने केलं. पण आकडा चिकटला पोराला.

आणि चिकटला म्हणजे कसा, ते साडूंच्या शेजारी बसून बघायला हवं होतं. डॉकलंड्सच्या स्टेडियममध्ये आम्ही तिसऱ्या मजल्यावर बसायचो. साडूंना देवाने घसा दिलाय, गणपतीत आरतीला माइक लागत नाही. बॉयडच्या हातून मार्क (किकवरचा हवेतला झेल) सुटला की ‘सेव्हन मिलियन!’ सेट शॉट (मार्कनंतर थांबून गोलवर मारायची किक) पोस्टला लागला की ‘सेव्हन मिलियन!’ तो बेंचवर पाणी पीत असला तरी ‘पी बाबा, सेव्हन मिलियनचं पाणी!’ आजूबाजूचे हसायचे, साडूंना चेव यायचा. मी एकदा म्हटलं, अहो, मागच्या दहा मिनिटांत त्याच्याकडे चेंडू आलाय कुठे? तर म्हणाले, “तुम्ही त्याचे वकील आहात का?”

वकील नाही, पण डोळे आहेत. की-फॉरवर्डकडे बघायचं तर मिडफिल्डपासून बघावं लागतं. मधे दबाव असला की आपलेच लोक डोळे मिटून उंच चेंडू भिरकावतात, तो खाली येईपर्यंत तिथे तीन डिफेंडर जमलेले असतात, आणि एकोणीस-वीस वर्षांचं अजून अंग न भरलेलं पोरगं अठ्ठावीस वर्षांच्या शंभर किलोच्या गड्याला पाठीवर घेऊन उडी मारतं. मागून एक मूठ आली की चेंडू जमिनीवर. प्रेक्षकाला काय दिसतं? ‘मार्क सोडला.’ त्याआधी त्याने तीनदा जीव तोडून पाससाठी धावत लीड दिली, मोकळा झाला, आणि तिन्ही वेळा मिडफिल्डरने मान वर करून बघितलंच नाही, ते कुणाच्या हिशोबात येत नाही. टीव्हीवर तर दिसतही नाही, कॅमेरा चेंडूमागे असतो. सगळ्या टीमच्या चुका शेवटी गोलपोस्टच्या समोर येऊन साचतात आणि तिथे उभा असतो हा.

उंच पोरं उशिरा पिकतात हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, फक्त आपल्या क्लबचं पोरगं आलं की सगळे विसरतात. जिलाँग क्लबचा की-फॉरवर्ड टॉम हॉकिन्स २००७ मध्ये खेळायला लागला. चार वर्षं लोक म्हणत होते हा चालायचा नाही, २०११ मध्येही तो संघाबाहेर गेला होता. त्याच वर्षीच्या ग्रँड फायनलमध्ये त्याने कोलिंगवूडला दुसऱ्या हाफमध्ये फोडून काढलं. पुढे २०२० ला सर्वाधिक गोलांचं कोलमन मेडल, आणि खेळला २०२४ पर्यंत. तुमचा पोरगा वीस वर्षांचा आहे म्हणता. मग चाललंय काय तुमचं?

याच्या उलट जॅक वॉट्स. २००८ चा पहिला पिक. मेलबर्न क्लबने त्याला २००९ च्या क्वीन्स बर्थडेच्या सुट्टीच्या सामन्यात कोलिंगवूडसमोर उतरवलं, तेव्हा तो अजून बारावीत होता. कोलिंगवूडच्या गड्यांनी त्याला पहिल्या काही मिनिटांत असा काही आपटला की तो व्हिडिओ पुढची कित्येक वर्षं त्याच्या नावासोबत फिरला. त्याच ड्राफ्टमध्ये दोन नंबरवर पुढे गाजलेला निक नायटानुई गेला होता, म्हणजे वॉट्सने काहीही केलं तरी लोक ‘आपण त्याला घ्यायला हवं होतं’ म्हणून मोकळे. क्लब तळाला, कोचवर कोच बदलताहेत, आणि शिव्या कुणाला? ज्यांनी घेतला त्यांना नाही, जो घेतला गेला त्याला.

बॉयडकडे परत येतो. २०१६ चा हंगाम त्याचा निम्मा दुखापतीत आणि संघाबाहेर गेला. आम्ही सातव्या नंबरवरून फायनल्समध्ये (बाद फेरीत) शिरलो. प्रिलिम (उपांत्य सामना) सिडनीत, समोर जीडब्ल्यूएस, म्हणजे बॉयडचा जुना क्लब आणि ग्रिफनचा नवा. सहा गुणांनी जिंकलो. मग ग्रँड फायनल, १ ऑक्टोबर, सिडनी स्वान्स. तिकिटं आमच्यासारख्यांना कुठली मिळायला, साडूंच्या घरी सगळे जमलो. मागच्या अंगणात बार्बेक्यू, आत बायकामंडळींनी केलेला मसालेभात, आणि कामावरचे दोन फुट्सक्रेवाले, ज्यातल्या एकाच्या वडिलांनी १९५४ ची फायनल पाहिलेली.

त्या दिवशी बॉयड वेगळाच माणूस होता. चेंडू वर गेला की याचेच हात वर. शेवटच्या क्वार्टरमध्ये डेल मॉरिसने लान्स फ्रँकलिनला मागून धरून पाडलं, चेंडू सुटला, बॉयडने उचलला आणि साठेक मीटरवरून सरळ ठेवून दिला. गोलस्क्वेअरमध्ये कुणी नाही. चेंडू टप्पे खात आत. त्याचा तिसरा गोल. ८९–६७ ने जिंकलो, बासष्ट वर्षांनी. फुट्सक्रेवाला ढसाढसा रडला, साडू मसालेभाताचं पातेलं डोक्यावर घेऊन अंगणात नाचले, ते रिकामं होतं हे नशीब.

आणि मग, घाम पुसत, मला म्हणाले, “बघा! आम्ही बोलत होतो म्हणून सुधारला.”

हे वाक्य मी विसरलेलो नाही. म्हणजे पोराने मार खात, संघाबाहेर बसून, परत येऊन मोठ्या दिवशी करून दाखवलं, आणि श्रेय तिसऱ्या मजल्यावरच्या घशाला. मी त्या दिवशी सणासारखा दिवस म्हणून गप्प बसलो. २०१७ च्या जुलैत बॉयडने खेळ थांबवला, नैराश्याशी झुंजतोय हे जाहीर झालं. २०१९ च्या मेमध्ये २३ व्या वर्षी निवृत्त झाला. करार २०२१ अखेरपर्यंत होता, उरलेले पैसे सोडून गेला. तेव्हा मी साडूंना फोन केला. हेही तुम्ही बोलत होतात म्हणूनच का, असं विचारलं. ते म्हणाले, “एवढं मन नाजूक असेल तर या धंद्यात यायचं नाही.” त्यानंतर बराच काळ आमचं बोलणं फक्त बायकांमार्फत.

त्यांचं तत्त्वज्ञान एकच, आणि आपल्याकडे ते घरोघरी आहे. आम्ही शाळेत छड्या खाल्ल्या म्हणून इंजिनिअर झालो. अहो, तुमच्या वर्गात छड्या खाऊन इंजिनिअर न झालेलेही होतेच की. ते पॉइंट कुकला येऊन मतं मांडत नाहीत, एवढाच फरक.

२०२३ मध्ये त्यांना नवं हत्यार मिळालं. जमारा उगल-हेगन, आदिवासी खेळाडू, तेव्हा आमच्याकडेच असलेला की-फॉरवर्ड, २०२० चा पहिला पिक. सेंट किल्डाच्या सामन्यात त्याला प्रेक्षकांतून वंशद्वेषी शिवीगाळ झाली. पुढच्याच सामन्यात ब्रिस्बेनविरुद्ध त्याने गोल मारून जर्सी वर केली आणि स्वतःच्या कातडीकडे बोट दाखवलं, १९९३ मध्ये अशाच शिवीगाळीनंतर आदिवासी खेळाडू निकी विनमारने केलं होतं तसं. त्या रात्री पाच गोल मारले. रात्रीच साडूंचा मेसेज, “पेटून उठतात की नाही?” म्हणजे यांच्या लेखी तोही टॉनिकचाच प्रकार. ट्रेनमध्ये कुणी आपल्या बायकोला ‘परत जा’ म्हटलं तर ती दुसऱ्या दिवशी ऑफिसात जास्त चांगलं काम करेल का, एवढंच मी उलट लिहिलं. निळ्या टिक्स दिसल्या, उत्तर आलं नाही.

आता खरं दुखणं सांगतो. माझा मुलगा चौदाव्या वर्षीच माझ्या डोक्यावर गेला. ज्युनिअर क्लबच्या कोचने उंची बघून फुल-फॉरवर्डला उभा केला. साडू प्रेमाने यायचे हं, रविवारी सकाळी थंडीत घडीची खुर्ची घेऊन. आणि बाउंड्रीवरून मराठीत, म्हणजे इतरांना कळू नये अशा बेताने, “अरे उडी मार की, एवढी उंची काय जाळी काढायला दिलीय?” पोरगं हसायचं. मग हळूहळू मला दिसायला लागलं की तो मार्क घेतोय, गोलसमोर वीस-पंचवीस मीटरवर सरळ उभा आहे, आणि स्वतः मारायच्या ऐवजी हँडबॉल करून दुसऱ्याला देतोय. दर वेळी. कोचला वाटलं किती निःस्वार्थी मुलगा. निःस्वार्थी कसला, चुकायची भीती. चुकला की काका काय म्हणतील ते त्याला आधीच ऐकू येत होतं.

मी साडूंना सांगितलं, या जरूर, पण दुसऱ्या टोकाच्या गोलमागे बसा. त्या वर्षी गौरीजेवणाला ते आमच्याकडे आले नाहीत. बायको अजून मला ऐकवते. पोराने पुढच्या हंगामात स्वतःहून कोचला सांगून डिफेन्समध्ये जागा मागून घेतली. आता लोकांचे चेंडू मुठीने उडवतो आणि मजेत आहे. चांगला फॉरवर्ड झाला असता की नाही ते सोडा.

तर तुमचा प्रश्न. टीका करा, पण खेळावर. सेट शॉट हा मात्र पूर्णपणे त्याचा असतो. तीस सेकंद मिळतात, कुणी अंगावर येत नाही, तिथे चुकला तर खुशाल म्हणा चुकला. चेंडू खाली पडल्यावर हा पाय ओढत उभा राहतो का, डिफेंडरच्या मागे धावतो का, त्यावरही बोला. धावणं आणि टॅकल करणं याला वय लागत नाही. मार्क किती, गोल किती, एवढ्यावर मत बनवायचं तर निदान एकदा स्टेडियमच्या वरच्या मजल्यावर, गोलच्या मागे बसून एक अख्खा क्वार्टर फक्त त्याच्याकडे बघा. चेंडू जाऊ दे कुठेही. मग बोला.

वय, पगार, ड्राफ्टचा नंबर, यावर बोलूच नका. ते त्याने ठरवलेलं नाही.

तुमचा खेळाडू कोण ते तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे तो खरंच आळशी असेल तर वरचं निम्मं गैरलागू. आणि बॉयडचं नैराश्य प्रेक्षकांमुळे आलं असं मी म्हणत नाही, मी काही डॉक्टर नाही. साडूंना मात्र मी तसं म्हटलं होतं, तो भाग वेगळा. मैदानातला आरडाओरडा बऱ्याचदा खेळाडूच्या कानापर्यंत पोचतही नाही. इन्स्टाग्रामवरचा पोचतो, फोन त्याच्या उशाशी असतो. तेव्हा सत्तर लाखांचा हिशोब मागायचाच असेल तर क्लबच्या लिस्ट मॅनेजरच्या (खेळाडू आणि त्यांचे करार बघणाऱ्याच्या) नावाने मेल करा, मेंबर नंबर टाकून. वार्षिक सभेत उभं राहून विचारता येतं तेही विचारा. मी साडूंनाही हेच सुचवलं होतं, तर म्हणाले एवढा वेळ कुणाला आहे.